खुंटीवरचा बिल्ला

घरात माणसं सात आणि न्हाणीघर एक. त्यातून त्या न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं, परक्यांच्या शेकडो दारांना कड्या बसवल्या. पण घरची मोडलेली कडी बदलायला त्यांना चौदा वर्षांत सवड मिळाली नव्हती. विचारलं की म्हणायचे, "कडी कशाला? बिल्ला आहे ना!"

बिल्ला म्हणजे तळहाताएवढी लाकडी चकती, वर भोक पाडलेली आणि हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. न्हाणीघराबाहेर बोळात खुंटी, खुंटीवर बिल्ला. ज्याला आंघोळ करायची त्यानं बिल्ला उचलून आत जायचं आणि बाहेर आलं की परत टांगायचा. खुंटी रिकामी दिसली तर आत कोणीतरी आहे. मग बाहेरच्या खोलीत यायचं, बाबांच्या खुर्चीशेजारच्या पाटीवर नाव लिहायचं आणि खुशाल जाऊन पडायचं. बिल्ला टांगल्याचा 'टक' असा आवाज झाला की बाबा शब्दकोड्यातून डोकं वर काढत, पाटीवरचं पहिलं नाव वाचत आणि शेजारीही उठून बसतील अशी हाक मारत. पाटीवर दुसऱ्याचं नाव असताना बिल्ल्याला हात लावणं हा या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा. चोरी एक वेळ माफ झाली असती.

मधल्या सुनेला ही पद्धत इतकी पटली होती की तिनं ती ऑफिसात नेली.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या काचांवर लेप चढवणारी यंत्रं बनवणारा कारखाना. अकरा वर्षं ती तिथे दुसऱ्यांनी केलेल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहीत होती. 'हिरवं बटण दाबा. दिवा लागेपर्यंत थांबा.' असली वाक्यं लिहून लिहून तिला नाव पडलं होतं मॅन्युअलबाई. कोणी वाईट बुद्धीनं म्हणत नसे, पण तिला ते खड्यासारखं टोचायचं. लिहिता लिहिता ती यंत्राच्या पोटातलं शिकत गेली, आधी गुपचूप, मग उघड उघड. आणि सहा महिन्यांपूर्वी सरळ साहेबांसमोर जाऊन म्हणाली, "नव्या यंत्राचं कुलूप मी लिहिते." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बघा," म्हणाले. त्या एका शब्दात परवानगीही होती आणि तंबीही.

कुलूप कशाला? तर नव्या यंत्रात लेपाचा टब एक आणि काचा बुडवणारे हात दोन. दोन्ही हात एकदम टबात शिरले की काचांचा चुरा. जगाच्या पाठीवर कुठेही जा, भांडण शेवटी एका टबावरूनच! प्रत्येक हात चालवायला एक स्वतंत्र थ्रेड, म्हणजे आज्ञांची वेगळी रांग, आणि चिप एवढीशी की विकतची कुलपं तिच्यात मावतच नाहीत. तेव्हा कुलूप आपणच घडवायचं, तेही चिपच्या अगदी तळच्या आज्ञांमधून.

त्यातली एक आज्ञा तिच्या जिवाभावाची झाली होती. आधी खुंटी बघायची आणि मग बिल्ला उचलायचा, अशा दोन पायऱ्या ठेवल्या तर मधल्या फटीत दुसरा हात घुसतो. ही आज्ञा बघणं आणि उचलणं एकाच झटक्यात करते. त्याचे दोन तुकडे पडूच शकत नाहीत. ॲटॉमिक म्हणतात ते हेच. मेमरीत एक घर. हातानं तिथे एकचा आकडा ठेवायचा आणि त्याच झटक्यात आधीचा आकडा उचलायचा. शून्य हाती आलं तर टब आपला. एक आला तर आत दुसरा आहे. यादीत नाव लिहा आणि झोपा. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तिनं फिरत्या खुर्चीत बसून दोन गिरक्या घेतल्या होत्या.

आणि तरी यंत्र थांबायचं. तीन-चार तास कसं मस्त चालायचं, आणि मग एकाएकी दोन्ही हात हवेत, टब मोकळा. ना आवाज, ना लाल दिवा. चाचणी विभागातल्या एका गृहस्थांना सगळे शंकासुर म्हणत, कारण त्यांना शंका नाही असा विषय नव्हता. ते घड्याळात बघून वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "मॅन्युअलबाई, तुमचं यंत्र पुन्हा ध्यानाला बसलं."

बुधवारी साहेबांनी तिला बोलावलं. "शुक्रवारी दुपारी बाराला हे यंत्र सलग चोवीस तास चाललेलं मला दिसायला हवं. नाहीतर मोठी चिप घालू आणि विकतचं कुलूप बसवू. तुम्ही परत पुस्तकांकडे; नव्या बाईंच्या टेबलावर काम साचलंच आहे."

म्हणजे गुरुवारी बाराच्या आत चूक सापडायला हवी. नाहीतर पुन्हा जन्मभर हिरवं बटण दाबायला सांगत बसायचं. बुधवारचा सगळा दिवस तिनं कोड ओळ न ओळ चाळून काढला. एकही ओळ चुकलेली नव्हती, आणि हेच तर जास्त वाईट होतं.

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा पाटीवर थोरल्या जाऊबाईंचं नाव होतं. तिनं त्याखाली आपलं लिहिलं आणि चहा घेऊन बसली. समोर नवरा पाव खात होता. चहा संपला, दुसरा झाला, तोही संपला. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या डोक्याकडे गेलं. केस पार वाळून उभे राहिले होते.

"तू आंघोळ कधी केलीस?"

"मघाशीच. साडेसहाला बाहेर आलो."

"मग आत कोण आहे?"

"मला काय ठाऊक? पाटीवर वहिनींचं नाव आहे."

तेवढ्यात जाऊबाई खोलीतून बाहेर आल्या. त्या दवाखान्यात नर्स, आठला हजर व्हायचं, आणि अंगावर अजून गाऊन. "काय हो बाबा, आज हाक मारायची नाही असं ठरवलंय का? सव्वासात झाले!"

"बिल्ला परत आला की मारीन," बाबा शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाले. "तुझं नाव लिहिल्यापासून एकदाही टक झालेलं नाही."

सगळे बोळात गेले. बिल्ला खुंटीवर आरामात लटकत होता आणि न्हाणीघरात काळं कुत्रं नव्हतं. पाऊण तास!

मग जे व्हायचं ते झालं.

"बाबा, तुम्ही डुलकी काढलीत!"

"मी? खुर्चीत? उभ्या जन्मात नाही! साडेसहाला टक झालं, मी पाटी बघितली. कोरी! कोऱ्या पाटीला काय हाक मारू?"

"कोरी कशी? मी लिहिलं ना नाव!"

"नंतर लिहिलंस."

"पण आले आधी! खुंटी रिकामी बघितली, पाटीपाशी आले तर खडू गायब. पोरांनी नेऊन ठेवलाय स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर! तो शोधून आणला, नाव लिहिलं आणि जाऊन पडले. माझं काय चुकलं?"

"आणि माझं काय चुकलं?" बाबा गरजले.

मधलीनं हातातला कप खाली ठेवला. "थांबा. कोणी हलू नका." तिचा आवाज असा काही निघाला की खरंच कोणी हललं नाही. "ताई, पुन्हा करा."

"काय पुन्हा करू?"

"सगळं. खुंटी बघण्यापासून."

"अगं, माझी आठची ड्यूटी आहे!"

"ताई, पाच मिनिटं. हे कळलं नाही तर मी उद्यापासून परत पुस्तकं लिहायला बसते."

जाऊबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग टॉवेल खांद्यावर टाकून खोलीत गेल्या, पहिल्यापासून यायला. मधलीनं पाटी पुसली आणि खडू पुन्हा पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला. नवरा बिल्ला घेऊन न्हाणीघरात शिरला. पहिल्या खेपेला तो आत गुणगुणत बसला आणि सगळं बिनसलं. दुसऱ्या खेपेला बाबांना हसू आवरेना. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. जाऊबाईंनी खुंटी बघितली, रिकामी. त्या खडू आणायला वळल्या. टक. बाबांनी मान वर केली, पाटी बघितली, कोरी, मान खाली. जाऊबाई खडू घेऊन आल्या, नाव लिहिलं आणि खोलीत गेल्या. बोळात बिल्ला, पाटीवर नाव, आणि सगळं घर थांबलेलं.

"हेच!" ती ओरडली. "हेच, हेच, हेच!"

कोणाचंच चुकलं नव्हतं. जाऊबाईंनी बघितलं तेव्हा खुंटी खरंच रिकामी होती. बाबांनी बघितली तेव्हा पाटी खरंच कोरी होती. बघणं आणि नाव लिहिणं यांच्यामध्ये जी फट होती तिच्यात हाक पडून गेली होती. तिच्या यंत्रात डावा हात असाच होऊन गेलेल्या हाकेची वाट बघत झोपायचा, आणि डाव्यानं काच पुढे दिल्याशिवाय उजव्याला काम नव्हतं, म्हणून तोही उभा. बिल्ला उचलण्याची फट बुजवायला तिनं सहा महिने घालवले होते, आणि झोपायला जाण्याची फट सताड उघडी ठेवली होती.

"बाबा, यावर उपाय काय?"

"त्यात काय मोठंसं?" बाबा म्हणाले. "आधी नाव लिहायचं आणि मग परत एकदा खुंटी बघून यायची. बिल्ला असला तर नाव पुसा आणि आत जा. नसला तर झोपा. सुतार दोनदा मापतो आणि एकदा कापतो."

तिनं बाबांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा कानावरून निसटला. मग पर्स उचलली आणि ती तशीच, बिनआंघोळीची, धावत सुटली. मागून जाऊबाईंचा आवाज आला, "जा गं जा, निदान मी तरी आंघोळ करते!" आणि बिल्ला उचलल्याचा आवाज आला.

सगळ्या मिळून नऊ ओळी बदलायच्या होत्या. शंकासुर तिच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते आणि त्यांच्या भुवया वर वर चालल्या होत्या.

"मला एक शंका आहे."

"विचारा ना!" ती इतक्या आनंदानं म्हणाली की ते जरा दचकले.

"नाव लिहिलं. खुंटी पुन्हा बघितली, रिकामी. आता झोपणार, आणि नेमकी तेव्हाच हाक आली. जागा असलेल्याला मारलेली हाक फुकट गेली. मग?"

"तेव्हा नाव यादीत असतं. हाक आली की नावापुढे खूण होते. झोपेची आज्ञा आधी ती खूण बघते. बघणं आणि झोपणं एकाच झटक्यात. खूण दिसली की यंत्राचा हात झोपतच नाही, परत बिल्ल्याकडे वळतो."

शंकासुरांनी त्या नऊ ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या ऑफिसात हे दृश्य आजवर कोणी बघितलं नव्हतं.

बाराला सात मिनिटं कमी असताना यंत्र सुरू झालं. त्या रात्री ती घरी गेलीच नाही, यंत्राशेजारीच बसून राहिली.

शुक्रवारी साडेअकरापासून यंत्राभोवती माणसं जमायला लागली. पॅकिंगवाले आले, कॅन्टीनचा आचारी झारा हातात घेऊनच आला. डावा हात बुडे, उजवा थांबे. उजवा बुडे, डावा थांबे. मधलीनं घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती शंकासुरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बारा वाजले. साहेबांनी आणखी पाच मिनिटं जाऊ दिली, स्वभावच तो.

"नऊ हजार सहाशे काचा," शंकासुर वहीतून वाचू लागले. "तडा शून्य. थांबणं शून्य." आणि वही मिटता मिटता, "शंका शून्य."

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आचाऱ्यानं झारा खुर्चीवर बडवला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला दोन्हीपैकी एकही थांबवायचं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघितलं," म्हणाले.

दुपारी पुस्तकांच्या कामावर नव्यानं आलेल्या बाई कागद घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. तिच्याहून वयानं मोठ्या, चांगल्या नेटक्या. "सगळं झालंय," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानावरची एक जागा तेवढी मोकळी आहे. 'यंत्र थांबल्यास संपर्क' असं लिहिलंय. कुणाचं नाव घालू?"

त्या मोकळ्या जागेत अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांची नावं घातली होती. तिनं पाण्याचा एक घोट घेतला आणि आपलं नाव सांगितलं, पूर्ण, वेलांट्या-उकारांसकट, सावकाश. मग तिनं वाकून बाईंनी ते बरोबर लिहिलंय की नाही हे बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं.

घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत होते. खडू जाड दोऱ्यानं पाटीला बांधलेला होता, आणि पाटीच्या वरच्या कडेवर त्यांनी पटाशीनं अक्षरं कोरली होती: 'लिहा. परत बघा. मग झोपा.' तिनं पर्समधून ते शेवटचं पान काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा नीट केला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे यंत्र अडलं की तुला हाक?"

"हो बाबा, मलाच."

"अडेल का पण?"

"नाही अडायचं."

बाबांनी पान घडी न घालता शब्दकोड्याच्या वहीत ठेवलं, घरात येईल त्याला दाखवायला. "बरं झालं," म्हणाले. "शेवटी नाव पाटीवर आलं तुझं. जा आता, बिल्ला खुंटीवर आहे आणि कालपासून तुझी आंघोळ राहिली आहे."