दोन प्रश्नांचा प्रोग्राम

भुजंगच्या पोटात दुखायला लागलं ते ब्याण्णव सालापासून, आणि त्यावर परतूरच्या एकाही डॉक्टरकडं औषध नव्हतं. असणार कसं? दुखणं सुरूच मुळी दवाखान्यातून झालं होतं.

साहेबराव डॉक्टरांनी त्या साली खिडकीपाशी कॉम्प्युटर बसवला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. त्यात एकच प्रोग्राम होता, आणि तो अलीमनं लिहिला होता. अलीम म्हणजे धान्याच्या मोंढ्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्यानं आणि भुजंगनं जालन्याला एकाच बाकावर बसून सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता. परीक्षेत भुजंगला जास्त मार्क पडले होते, आणि हे तो अजूनही, कोणी विचारलेलं नसताना, सांगायचा.

प्रोग्राम म्हणाल तर चाळीस-एक ओळींचा. पेशंट आला की तो दोन प्रश्न विचारायचा. गाव? आणि, कोणाचे? बस. खिडकीवर बसणारी कांताबाई उत्तरं इंग्रजी अक्षरांत ठोकायची, पडद्यावर केसपेपरचा नंबर उमटायचा, तो कागद कपाटातून काढायचा की झालं. आडनाव नाही, वय नाही, तारीख नाही. पहिल्या खेपेला माणसानं जे सांगितलं असेल तेच कागदावर आणि तेच मशीनमध्ये.

एवढ्याशा गोष्टीचं लोकांना कोण कौतुक! डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "अलीमनं एकदा बसवलं ते बसवलं. पुन्हा हात लावावा लागला न्हाई." हे वाक्य ऐकलं की भुजंगच्या अंगाची लाही लाही व्हायची. कारण त्याचं स्वतःचं असं एकही काम नव्हतं, ज्याला पुन्हा हात लावावा लागला नव्हता. स्टेशन रोडला त्याचा 'भुजंग कॉम्प्युटर्स' नावाचा क्लास होता, तो प्रोग्रामही करून द्यायचा. त्याच्या प्रोग्राममध्ये सात रंग असत, सुरुवातीला त्याचं नाव नाचत नाचत पडद्यावर येई, आणि दर तीन महिन्यांनी तो फ्लॉपी खिशात घालून सुधारणा करायला पळत असे. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडे.

एकदा न राहवून तो अलीमच्या दुकानात गेला. अलीम एका रेडिओचं पोट उघडून तुटलेल्या तारेला कथलाचा डाग देत बसला होता.

"काय रे, त्या दवाखान्याच्या प्रोग्राममदी काई नवीन करून राह्यला का न्हाई?" भुजंगनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यात काय करायचं भाऊ?" अलीमनं मानही वर केली नाही. "झालं ना ते."

झालं ना ते! भुजंगला हे तोंडात मारल्यासारखं लागलं. बरं, अलीमनं शेखी मिरवली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. तो तर चहा मागवून मोकळा झाला.

बाहेरचे परवडले, पण घरातच फितुरी होती. भुजंगची आई, द्वारकाबाई, हिला साखरेचा आजार. दर महिन्याला ती दवाखान्यात जायची आणि घरी येऊन पोराच्याच ताटासमोर बसून सांगायची, "अलीमचं मशीन लई गुणाचं बघ. खिडकीशी गेलं की मला बराबर वळखतं." भुजंग ताट सरकवून उठायचा. ती बिचारी निर्मळ मनानं बोलायची, म्हणून तर तो आणखी चरफडायचा.

नव्याण्णवच्या शेवटी जगातले सगळे कॉम्प्युटर दोन हजार साल लागताच बंद पडणार, अशी हवा उठली. भुजंगला इतका आनंद त्याच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. एक जानेवारीला सकाळी आठ वाजता तो दवाखान्यात हजर. कांताबाईनं बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. गाव? साल कोणतं का असेना, त्या प्रोग्रामला पत्ताच नव्हता. तारीख होतीच कुठं त्यात? उलट दुपारी भुजंगचेच तीन प्रोग्राम बंद पडले आणि आठवडाभर त्याला जेवायला फुरसत मिळाली नाही.

तरी पठ्ठ्यानं पिच्छा सोडला नाही. दोन वर्षं तो डॉक्टरांच्या कानाशी लागला. जुनं मशीन कधीही दगा देईल, जालन्याचे मोठे दवाखाने बघा, रंगीत पडदा पाहिजे. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, "आण बाबा तुझा प्रोग्राम. पण जुनं मशीन महिनाभर तिथंच राहू दे." भुजंगनं जीव ओतला. त्याच्या क्लासच्या विद्यार्थ्यांनी सहा हजार केसपेपर नव्या मशीनमध्ये भरले. आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, तालुका. एकही रकाना रिकामा सोडायची सोय नव्हती. मशीन पुढंच सरकत नसे.

सोमवारी, बाजाराच्या दिवशी, नवा प्रोग्राम सुरू झाला. भुजंग इस्त्रीचा शर्ट घालून कांताबाईच्या मागं उभा. त्याचं नाव नाचत नाचत पडद्यावर आलं तेव्हा त्याला वाटलं, दहा वर्षांचं दुखणं आज उतरलं. रांगेत सगळ्यात पुढं द्वारकाबाई होती. मुद्दाम लवकर आल्ती. लेकाच्या मशीनवर पहिला नंबर आपला, म्हणून.

"आडनाव?" कांताबाईनं विचारलं. तिनं सांगितलं. पडद्यावर दोनशे अकरा नावं आली. एकेका गावात अर्धं गाव एकाच आडनावाचं, दुसरं काय होणार?

"नवऱ्याचं नाव?"

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण जिवंतपणी जे नाव तोंडातून काढलं नाही ते आता चारचौघांत काढणार होय? मागच्या बायका खुसखुसल्या.

"मी सांगतो," भुजंग पुढं झाला आणि त्यानं बापाचं नाव स्वतः ठोकलं. कारभारी. मशीननं सुबक निळ्या चौकटीत उत्तर दिलं : नोंद सापडली नाही. त्यानं पुन्हा ठोकलं. नोंद सापडली नाही. रांग फाटकापर्यंत गेली. कोणीतरी ओरडलं, "जल्दी करा की!"

कांताबाईनं खुर्ची जुन्या मशीनकडं वळवली. "गाव, मावशी?"

"वाटूर."

"कोणाच्या?"

"भुजंगची आई."

अकराशे सव्वीस. कांताबाईनं तोच नंबर नव्या मशीनमध्ये घातला आणि पडद्यावर आलं ते मोठ्यानं वाचलं, "नाव, भुजंग. आडनाव, आई. पती, एक्स."

कागदावर जे होतं ते विद्यार्थ्यांनी रकान्यांत कोंबलं होतं, जे नव्हतं तिथं एक्स ठोकला होता. रांग पोट धरून हसली. भुजंग कान लाल करून उभा राहिला. दहा वर्षं ज्या प्रोग्रामच्या मरणाची तो वाट बघत होता, त्या प्रोग्राममध्ये त्याच्या आईची ओळख त्याच्याच नावानं होती. तिला तिथं शोधायला दुसरं काही लागतच नव्हतं.

"हसू नका गं," द्वारकाबाई बायकांवर खेकसली. "माझ्या लेकाचं मशीन नवं हाय. शिकंल हळूहळू."

गोंगाट ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काय झालं भुजंग? दुरुस्त व्हईल का?"

होईल म्हणणं सोपं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा होईल म्हणायचं, त्याला ते सवयीचं होतं. त्यानं आईकडं पाहिलं. ती एकटीच त्या दवाखान्यात त्याच्या बाजूनं उभी होती, आणि हातात अकराशे सव्वीसचा कागद धरून होती.

"नका डॉक्टर," तो म्हणाला. "अलीमचाच राहू द्या."

दहा वर्षांत अलीमचं नाव त्यानं चारचौघांत पहिल्यांदा घेतलं. घेताना जीभ जड झाली, मघाशी नवऱ्याच्या नावाला आईची झाली होती अगदी तशीच.