बॅकअप घेतला आहे

शालिकरामच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एकावर काम चालायचं. दुसऱ्यापुढची खुर्ची अकरा महिन्यांपासून रिकामी होती. ती गीताची, त्याच्या बायकोची. भरवेलीच्या खाणीत हजेरी मांडण्याची नोकरी संपली तेव्हा दोघांनी मिळून बालाघाटात बस स्टँडच्या मागे हे ऑनलाइन सेंटर टाकलं. फॉर्म भरणं, फोटो काढणं, प्रिंट देणं हे त्याचं. डोक्याचं काम गीताचं. मग गेल्या भाद्रपदात तिला ताप आला, कावीळ निघाली आणि तेरा दिवसांत सगळं आटोपलं.

तिचा कॉम्प्युटर तो रोज सकाळी चालू मात्र करायचा. त्याला कारण होतं. खाणीतून निवृत्त झालेल्यांना आणि त्यांच्या विधवांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. ज्याची त्याची तारीख वेगळी. ती चुकली की पेन्शन थांबते. गीताने अशा एकेचाळीस जणांची एक्सेलमध्ये फाइल केली होती. यूट्यूबवर बघून बघून तिने त्या फाइलला असं शिकवलं होतं की मशीन चालू झालं की ती आपोआप उघडायची, आणि ज्याची तारीख जवळ आली त्याचं नाव दाखवायची. नावाखाली गीताने लिहिलेलं असायचं. 'पुनाराम काका. अंगठा उमटत नाही, डोळ्याचं मशीन काढून ठेवा.' 'कमलाबाई. सुनेजवळ निरोप देऊ नका.' शालिकराम वाचायचा आणि तसं करायचा. कोणाचंच नाव नसलं तर फाइल म्हणायची, 'आज कोणी नाही. चहा घ्या.'

आणि तो चहा घ्यायचा.

आषाढात श्रुतिकाचा फोन आला. श्रुतिका त्याच्या बहिणीची मुलगी. पुण्यात अँटिव्हायरस बनवणाऱ्या एका कंपनीत होती.

"मामाजी, आमचं नवीन व्हर्जन येऊन राह्यलं. बाजारात जायच्या आधी बाहेरच्या लोकायच्या मशीनवर पाहा लागते. तुमच्या दुकानासारखी जागा मले कुठं भेटन? साऱ्या जिल्ह्याचे बिमार पेन ड्राइव तुमच्याच इथं येतात."

"म्हंजे माह्या दुकानात कीड आहे म्हून तुले आठोन आली."

"हौ. अन् तुम्ही जेवून खाऊन भिंतीकडं पाहत बसता, असं आई सांगत होती."

खरं कारण हे दुसरं, हे त्याला समजलं. तो हो म्हणाला.

मग तिने नियम सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज ऑफिसातला झाला. रोजच्या कामाच्या मशीनवर टाकायचं नाही, तिथं जुनं अँटिव्हायरस तसंच राहू द्यायचं. टेस्टच्या मशीनवर गिऱ्हाइकाचं आधार, पासबुक काही ठेवायचं नाही. टाकायच्या आधी सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची.

"अन् मज्जा म्हून स्वतः व्हायरस शोधून टाकू नका."

"मी काय पागल आहो का?"

"मागच्या बारीले एकानं टाकला होता."

सॉफ्टवेअर टाकताना दोन ठिकाणी टिक करायची होती. पहिलं, 'हे मशीन रोजच्या कामाचं नाही.' शालिकरामने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि टिक केली. दुसरं, 'बॅकअप घेतला आहे.' त्यासाठी त्याने गीताचं फोल्डर उघडलं. 'तिरोडीचं लग्न.' 'आपली माणसं.' 'दवाखाना.' तिचे रिपोर्ट तिने स्वतःच स्कॅन करून नीट नावं देऊन ठेवले होते, शेवटचा सोडून. शालिकरामचा हात माऊसवर थांबला. त्याने फोल्डर बंद केलं, उद्या घेऊ म्हणाला, आणि टिक केली. टिक करायला काही लागत नाही.

पहिल्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं, 'चांगलं आहे.'

लगेच फोन. "मामाजी, पोरगी पाहाले गेलते का तुम्ही? 'चांगलं आहे'चं मी काय करू? काय करत होते, काय झालं, काय व्हायला पाह्यजे होतं, किती वाजता, हे लिहा. वाईट असन तर पह्यले ते लिहा."

हजेरीवाल्या माणसाला हे जमण्यासारखं होतं. 'सकाळी ११.२०. फोटोवाल्याचा पेन ड्राइव तपासायला लावला. दोन व्हायरस धरले. पण मशीन चार मिनिटं अडकलं. काय चाललं आहे ते पडद्यावर सांगायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक निघून गेलं.' असं तो रोज लिहायला लागला. श्रुतिका म्हणाली, तुमचे रिपोर्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवले. त्या दिवशी त्याने बऱ्याच महिन्यांनी दाढी केली.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. सतराव्या दिवशी सकाळी त्याने गीताचं मशीन चालू केलं आणि फाइल उघडली नाही. कोपऱ्यात लाल पट्टी आली. आपोआप सुरू होणारी धोकादायक फाइल वेगळी काढून ठेवली आहे. खाली 'परत आणा' असं बटण होतं. त्याने ते दाबलं. 'परत आणता आली नाही.' पुन्हा दाबलं. पाच वेळा दाबलं. मग त्याला एकच विचार आला, की धरणाराच घालवला तर धरलेलं सुटेल. त्याने सॉफ्टवेअर काढून टाकलं.

मग श्रुतिकाला फोन केला.

"काही दाबू नका, मामाजी. मी इथून पाहते."

"दाबलं."

"काय?"

"काढून टाकलं सॉफ्टवेअर."

"वेगळी ठेवलेली फाइल त्याच्याच पोटात राहते, मामाजी. ते काढलं की तेही जाते. पण बॅकअप आहे न तुमच्याजवळ."

शालिकरामने कपाटाकडे पाहिलं.

"मामाजी?"

"नाही घेतला."

"टिक केलं होतं तुम्ही."

"हौ."

"कोणती फाइल होती?"

"तुह्या मामीची."

श्रुतिकाने पुण्यात बसून दिवसभर ते मशीन चाळलं. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता आणि शालिकराम स्टुलावर बसून तो पाहत होता. गीताच्या खुर्चीवर तो बसला नाही. संध्याकाळी काही तुकडे मिळाले, पण त्यात नुसती चौकटी चौकटीची अक्षरं. वाचता येईल असं एक नाव नाही.

"माहीच चूक झाली," श्रुतिका रडायला लागली होती. "मी तुमच्यावर हे लादाले नोको होतं."

"तू सांगतलं होतं. मी आयकलं नाही."

"रिपोर्ट मी लिहिते. बॅकअपचं नाही लिहीत त्यात."

"काहून? खोटं लिहिशीन तर त्याहीले काय समजन? मीच लिहितो."

त्याने लिहिलं. 'सकाळी १०.०५. मशीन चालू केलं. माझ्या बायकोने केलेली फाइल तुमच्या सॉफ्टवेअरने धोकादायक म्हणून धरली. ती धोकादायक नव्हती. फाइलचं नाव आपली माणसं. परत आणा हे बटण पाच वेळा दाबलं, चाललं नाही. मी सॉफ्टवेअर काढलं. काढताना, आत धरलेली फाइल कायमची जाईल असं कुठं विचारलं नाही, ते विचारायला पाहिजे. बॅकअप घेतला आहे या ओळीवर मी खोटी टिक केली. ती खोटी आहे हे सॉफ्टवेअरने स्वतः पाहायला पाहिजे होतं. माणूस खोटी टिक करतो.'

आठ दिवसांनी श्रुतिकाने कळवलं. ऑफिसात सगळ्यांच्या फाइलींची नावं इंग्रजीत, म्हणून हा दोष कोणाला दिसलाच नव्हता. देवनागरी नावाची फाइल धरली की ती परत येत नव्हती. आता येते. आणि आता बॅकअप खरोखर आहे का ते सॉफ्टवेअर तपासतं, मगच पुढे जातं.

"बरं झालं," शालिकराम म्हणाला. ते खरंच बरं झालं होतं.

एकेचाळीस माणसं तर राहिलीच होती. कोणाची तारीख कधी, हे आता कोणालाच माहीत नव्हतं. एकाची चुकली तरी एका घरातली चूल अडणार. त्याने वही घेतली, मोबाइलमध्ये सापडले तेवढे नंबर उतरवले, आणि पहिला नंबर लावला तो शेवंताबाईंचा. तिरोडीच्या, गीताच्या माहेरच्या जुन्या शेजारीण; माहेरचं आता तिथं कोणी उरलं नव्हतं. दुकानात तिघं जण फॉर्म घेऊन उभे होते.

"माय, मी शालिकराम. बालाघाटहून."

"कोण?"

"शालिकराम!"

"हौ, गीताचा नवरा. दे गीताले."

"तुमच्या दाखल्याची तारीख पाह्यजे होती, माय. मागच्या सालचा कागद आहे का?"

"मले काय समजते तारखेतलं? गीता सांगते मले. तिले इचार न. बाजूलेच बसली असन."

आजपर्यंत त्याला हे कोणाला सांगावं लागलं नव्हतं. मयतीला लोकच एकमेकांना सांगत होते. पुण्यानुमोदनाच्या सभेतही दुसरेच बोलले. नंतर पेन्शनवाल्यांना फोन करताना तो 'सेंटरवरून बोलतो' म्हणायचा, पडद्यावरचं वाचायचा आणि ठेवून द्यायचा.

"गीता वारली, माय."

"आँ? आयकू नाही येत."

तो उभा राहिला. "वारली! गीता वारली! मागच्या भादव्यात!"

दुकानातल्या तिघांनी मान वर केली. पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज तेवढा आला.

"अन् तू मले आता सांगून राह्यला?"

"हौ."

"वर्ष होत आलं. काय करत होता?"

"तिनं लिहून ठेवलं होतं, माय," तो ओरडूनच बोलत होता, कारण नाहीतर तिला ऐकू गेलं नसतं. "तेच वाचत होतो!"

"कशानं गेली?"

"कावीळ! कावीळ झालती!"

म्हातारीने नाक ओढलं. "कागद पेटीत आहे. काढून ठेवते. उद्या कर फोन." थांबून म्हणाली, "बाकीच्यायले सांगतलं का?"

"नाही."

"मंग सांग न आता."

शालिकरामने वहीत लिहिलं, 'शेवंताबाई, तिरोडी. ऐकू कमी येतं.' पुढे तारखेची जागा मोकळी सोडली. रांगेतल्या पहिल्या माणसाने हातातला फॉर्म पुढे केला होता, तो मागे घेतला.

"दोन मिनिटं थांबा, भाऊ," शालिकराम म्हणाला, आणि त्याने दुसरा नंबर लावला.