अंबिकेचा अर्ज

"लाथाबुक्क्यांनी नाय मारलं, ताई. ते खोडा," अंबिका म्हणाली.

सत्यशीलाची बोटं कीबोर्डवर थबकली. छावणी भागात, पोलीस ठाण्यासमोरच्या गाळ्यात ती बरीच वर्षं टायपिंग करत होती. भाडेकरार, नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र, नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार. प्रत्येकाचं टेम्प्लेट तिनं संगणकात करून ठेवलेलं. उघडायचं, रिकाम्या जागी नाव-गाव भरायचं, प्रिंट काढायची. मजकूर ठरलेला: 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' हे वाक्य घेऊन गेलेल्या बायकांचे चेहरेही आता तिच्या लक्षात राहत नसत.

"अगं, सगळ्याजणींचं असंच लिहितात."

"लिहीत असतील." देवगाव रंगारीहून एकटीच एसटीनं आलेल्या अंबिकेनं डाव्या हातावरचं फडकं सोडलं. तीन बोटं काळीनिळी, फुगून एकमेकांना चिकटलेली. एका बोटाला नखच उरलं नव्हतं. "आईला फोन लावला म्हणून. नवऱ्यानं उंबऱ्यावर हात दाबून धरला अन् वरवंटा घातला. वरडले, तर परत घातला."

सत्यशीला ते वाक्य खोडू लागली. तेवढ्यात तिचा माग काढत अंबिकेचा नवरा आत आला. राजकुमार. इस्त्रीचा शर्ट, आवाज मवाळ.

"बाई, तडजोडीचा बी फॉरमॅट असंल ना तुमच्याकडं? तो काढा. आमचं मिटलंय."

"तसं हिनं सांगू दे."

"माझं नाय मिटलं," अंबिका म्हणाली.

त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. कपाळ फुटलं. त्यानं पुन्हा डोकं उचललं तशी सत्यशीला झेपावली आणि तिनं त्याची कॉलर पकडली. त्यानं लोखंडी स्टूल उचलून तिच्या उजव्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. तिनं डाव्या हातानं कॉलर धरली. त्यानं पोटात लाथ घातली, तरी मूठ सुटली नाही.

शेजारचा झेरॉक्सवाला कृष्णा चार माणसं घेऊन धावला. त्यांनी राजकुमारला रस्त्यावर आडवं पाडून तुडवलं. त्याच्या तोंडातून दात पडला तरी कोणी थांबेना. शेवटी ठाण्यातल्या शिपायांनीच त्याला सोडवून आत नेलं.

"मॅडम, घाटी दवाखान्यात चला. रिक्षा आणतो," कृष्णा धापा टाकत म्हणाला.

"आधी हिचा अर्ज. अर्ज नसला तर संध्याकाळी बाहेर येईल तो."

"अन् टाइप कोण करणार? मनगट बघा तुमचं."

अंबिकेनं जमिनीवर पडलेला कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला. "मी करते. अक्षरं कुठं हायत तेवढं सांगा."

"बस खुर्चीवर. ते टेम्प्लेट उघडंय ना, ते बंद कर. कोरं पान घे."

"काय लिहू?"

"झालं ते. तुझ्या भाषेत."

अंबिकेच्या कपाळावरचं रक्त भुवईत उतरत होतं. ते खांद्यावर पुसत ती उजव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर दाबू लागली. सत्यशीला मोडलेला हात मांडीवर घेऊन शेजारी बसली; बटण दाखवायची आणि कळ आली की ओठ आवळायची. चुकलेलं अक्षर अंबिका पुसायची, पुन्हा लिहायची.

बाहेर कृष्णानं आणलेला रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. दोघींपैकी कोणी उठलं नाही.