बसल्या जागचा ठोका

मी एक लहानसा पेसमेकर आहे, मित्रांनो. मारोतरावांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत माझे घर. मी कोणाला दिसत नाही, पण बोटाने चाचपले तर हाताला लागतो.

मला घडवणाऱ्यांनी माझ्यात मोठी हुशारी घातली. हृदय मंदावले की मी त्याला हलकेच ठोका देतो. माणूस चालू लागला, नाचू लागला, की ते ओळखून वेगही वाढवतो. मारोतराव पवनीकडचे कीर्तनकार. कीर्तनात उभे असतानाच भोवळ येऊन पडले, म्हणून नागपूरच्या दवाखान्यात मला त्यांच्या छातीत बसवले. तिथल्या खाटेवर पडल्यापडल्याच ते हळू आवाजात विठ्ठलनाम घेऊ लागले. मला वाटले, काय हे भाग्य, आता आपला जन्म हरिनामाच्या तालात जाणार.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका. मोठ्या लाउडस्पीकरला छाती टेकवू नका." मारोतरावांच्या पत्नी कौशल्याबाई यांनी ते नीट ऐकले. पण नवऱ्याला पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या भीतीने लाउडस्पीकर नको, म्हणून मंदिर नको, म्हणून कीर्तनही नको झाले. शेजारणींनी त्यात घंटेची आणि जिन्याची भर घातली.

मृदंग वाजवणारे केवळराम हे मारोतरावांचे लहानपणापासूनचे जोडीदार. ते ओसरीवर येऊन बसत.

"काहो वहिनी, मारोतले मशीन बसवली का दावं बांधलं?"

"तुमचं काय जाते, भाऊजी? ठोके बंद पडले त मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

"एक कीर्तन होऊ द्या. मी हळू वाजवतो."

"हळू वाजवणं तुमाले कधी जमलं?"

सगळे हसले. "धान निघू दे, मंग पाहू," म्हणत मारोतराव खाटेवरच राहिले. तपासणीही तशीच लांबली. मी आपला बसल्या जागचा ठोका देत राहिलो.

उन्हाळ्यात केवळराम काविळीने गेले.

त्यानंतर कुठे आम्ही तपासणीला गेलो. "कीर्तन सुरू केलं ना?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले. कौशल्याबाईंनी नकारार्थी मान हलवली. "का बरं? त्यासाठीच तर हे बसवलं."

परतताना एसटीत कौशल्याबाई म्हणाल्या, "मीच भाऊजीले नाही म्हटलं."

"मी तरी कुठं उठलो," मारोतराव म्हणाले.

केवळरामांच्या वर्षश्राद्धाला ते कीर्तनाला उभे राहिले. नाचू लागले तसा मीही धावलो, जन्मात पहिल्यांदा. दम टिकला, भोवळ आली नाही. पांडुरंगाने लाज राखली. पण अभंग रंगात आला की सवयीने ते मृदंगाकडे वळत, आणि तिथे दुसऱ्याच कोणाचे तोंड दिसे. क्षणभर सूर अडे. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या किंवा आजीच्या छातीत माझा एखादा भाऊबंद असेल, तर तपासणी चुकवू देऊ नका. त्यांच्यासोबत जा, आणि ते काय काय करू शकतात, एवढे डॉक्टरांना विचारा. काय करू नये, ते तर सारा गाव सांगतो.