डब्यातला कापडी बेडूक

मी एक जुना बेडूक आहे. पण मित्रांनो, मी कधी डबक्यात पोहलो नाही की पावसात ओरडलो नाही. मी कापडाचा आहे. सुट्टीच्या दिवसांत खिडकी सजवायला मला शिवलं, आणि आयुष्याची बरीच वर्षं मी एका पत्र्याच्या डब्यात काढली.

मला शिवणारी बाई बसगाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. तिची टीप पट्टीने आखल्यासारखी सरळ, म्हणून कारखान्यात सगळे तिला टीपबाई म्हणत. लहानपणी तिच्याकडे चावीचा एक पत्र्याचा बेडूक होता. चावी दिली की तो टकटक करत उड्या मारायचा आणि भिंतीला धडकला की तिथेच पाय झाडत राहायचा. घर बदलताना तो हरवला. पुढे तिचे केस पिकल्यावर, एका सुट्टीत, तिला त्याची फार आठवण झाली. तिने मनातूनच कागदावर त्याचा आकार काढला आणि कात्री हातात घेतली.

माझी पाठ हिरव्या रेक्झिनची, पोट पिवळ्या मखमलीचं. आधी मला उलटं शिवलं, मग सुलटं केलं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिने माझ्या पायांच्या बोटांपर्यंत कापूस ढकलला. डोळ्यांना दोन बटणं लावली, तीही वेगवेगळी. पाठीवर चावी म्हणून एका जुन्या पिशवीचं बक्कल बसवलं. डोक्यावर लाल टोपी आणि टोपीला टांगायची नाडी.

तिचा मुलगा बस चालवायचा. मला पाहून तो हसतच सुटला. "आई, लोक खिडकीत चांदण्या लावतात. बेडूक कोण लावतं?"

"आपण लावतो," टीपबाई म्हणाली. "चांदण्या बघून बघून लोकांच्या माना दुखल्या असतील."

ते दिवस फार सुखाचे होते. दरवर्षी सुट्टी लागली की मी खिडकीत लटकायचो. पोस्टमन जाता जाता माझ्या पोटाला टिचकी मारायचा. शेजारच्या घरातल्या एका पाहुणीने माझा पाय ओढून उसवला, तेव्हा हिरवा दोरा संपला होता म्हणून टीपबाईने तो लाल दोऱ्याने जोडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जो हाताळला जातो, त्याचंच काहीतरी उसवतं.

मग एका वर्षी मला टांगायला टीपबाई स्टुलावर चढली आणि स्टूल घसरलं. तिचं कमरेचं हाड मोडलं. ती जमिनीवर कण्हत होती आणि मी अजून तिच्या मुठीतच होतो.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा मुलाचा चेहरा पार उतरला होता. "आता काही टांगायचं नाही, काही शिवायचं नाही," तो म्हणाला. "तू फक्त बसायचं." कात्री कुलपात गेली. शिलाई मशीनवर चादर पडली आणि चादरीवर औषधांच्या बाटल्या. मला त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, सोबत एक डांबराची गोळी टाकली, पिशवी पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा टीपबाईच्याच खोलीतल्या कपाटावर चढवला. हे सगळं त्याने फार प्रेमाने केलं, मित्रांनो. म्हणूनच त्याच्यावर रागावताही येईना.

डब्यात काय दिसणार? आवाज मात्र यायचे. खाली टीपबाईची खुर्ची करकरायची. सकाळी मुलगा कामावर जायचा, सून औषधांच्या दुकानात कामाला जायची, दाराला बाहेरून कडी लागायची. मग दिवसभर घड्याळ आणि ती. ती कधी कधी बोटांनी खुर्चीच्या हातावर टीप मारल्यासारखं करायची. सुट्ट्या आल्या की फर्निचर सरकवल्याचे आवाज यायचे, हसणं यायचं, आणि मी वाट पाहायचो. डब्याचं झाकण हलायचं नाही. प्लास्टिक माझ्या पाठीला चिकटत चाललं होतं. कापसाच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्या पत्र्याच्या बेडकासारखी उडी मारून भिंतीला धडकावं, तर डब्यात तेवढीही जागा नव्हती.

एकदा तिने सुनेला विचारलं, "बेडूक काढतेस का खाली? जरा बघते."

"खराब होईल हो, आई. जपून ठेवलाय."

"आणि मला?"

सून घाबरली. "तुम्हाला काही झालं तर?"

"मला काहीच होत नाही गं," टीपबाई म्हणाली. "रोज उठून काहीच होत नाही. तोच तर त्रास आहे."

सुनेने तिचा हात धरला, पण डबा काढला नाही.

पुढच्या सुट्टीच्या तोंडावर, एका दुपारी, डब्यावर काहीतरी आपटलं. मग पुन्हा. टीपबाई चालायच्या काठीच्या मुठीने डबा ओढत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी भीतीने गोळा झालो. माझ्यापायी ती एकदा पडली होती. डबा कडेला आला, कलंडला, आणि आम्ही दोघे धाडकन खाली गेलो. झाकण उडालं. उजेड एकदम इतका आला की माझी बटणंसुद्धा दिपली.

टीपबाई पडली नव्हती. कपाटाला पाठ लावून ती हळूहळू स्वतःच खाली बसली आणि मला पिशवीतून सोडवू लागली. माझ्या पाठीचं रेक्झिन सालीसारखं सुटून प्लास्टिकसोबत गेलं. पलंगावरची उशी खाली ओढली, अभ्र्याच्या शिवणीत हात घातला आणि दोरा गुंडाळलेली सुई काढली. इतकी वर्षं तिने ती तिथे लपवली होती!

मुलगा आला तेव्हा आई जमिनीवर. तो ओरडलाच. "पडली असतीस तर?"

"तर उठवलं असतंस. आता बस इथे."

त्याने मला पाहिलं. भेगाळलेली पाठ, चपटं पोट. "मी तर किती जपून ठेवला होता," तो पुटपुटला.

"हो रे," ती म्हणाली. "खूपच जपलास."

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मग तिने सुई पुढे केली. "दोरा ओव. मला दिसत नाही."

त्याने सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्यात जाईना.

"एवढी मोठी बस पुलाखालून काढतोस, आणि हे जमत नाही?" ती म्हणाली. दोघेही हसले, आणि हसता हसता तो रडला.

त्या संध्याकाळी औषधाच्या बाटल्या खिडकीत गेल्या आणि मशीनवरची चादर निघाली. टीपबाईचे पाय आता मशीनच्या पायपट्टीवर चालत नाहीत, म्हणून मुलगा शेजारी बसून चाक फिरवतो आणि शिव्या खातो. मुलाच्या जुन्या खाकी गणवेशाचं कापड माझ्या पाठीला लावलं आहे. टीप थोडी वाकडी आली. सुनेने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलं, टीपबाईचा हात पोचेल इतकं खाली. तिथे माझ्यावर तेलाचे शिंतोडे उडतात, ऊन लागतं, येणारा-जाणारा मला चिमटे काढतो. मी फार वर्षं टिकणार नाही. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा डबा असेल तर आज उघडा. आणि ज्यांच्या हातांनी त्यातल्या वस्तू केल्या, ते शेजारच्या खोलीत बसून असतील, तर त्यांना काय हवं आहे ते विचारा. मला बोलता येत नव्हतं. त्यांना येतं.