उघडता यावी अशी बांधणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सरकारी दफ्तरखान्याच्या दुरुस्ती विभागात जन्म-मृत्यू नोंदींच्या सातव्या खंडाचा कणा उघडला आणि अस्तराची दीड वीत लांबीची कागदी पट्टी अलगद सुटून आली. पट्टीच्या आतल्या बाजूला परक्या लिपीत चार ओळी होत्या.

"साहेब, हे बघा. बाबांचं अक्षर," टेबलावर काम करणारी बाई म्हणाली. तेव्हा तिला आनंद झाला होता.

ओळी वाचायला तिला वेळ लागला. लिपी तिला लहानपणी बापानं शिकवली होती, पण ती अजून अक्षराला अक्षर जोडून वाचते. तिसऱ्या ओळीपर्यंत ती पोचली तोवर साहेबांनी पट्टीचा फोटो काढून मंत्रालयात पाठवला होता. पाठवला कौतुकानंच. साहेबही तिच्या बापाच्या हाताखाली शिकले होते.

तिचा बाप म्हणजे मास्तर. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन या देशात आला, तेव्हा इथले बाइंडर हाडं उकळून केलेला सरस वापरत. सरस दगडासारखा धरतो आणि तीस वर्षांनी पानांसकट तुटतो. मास्तरनं मैद्याची खळ आणली, तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद घातला आणि शिकायला येणाऱ्यांना एकच नियम घातला: आपण बांधलेलं पुढच्याला उघडता आलं पाहिजे, पान न फाडता, नुसत्या थंड पाण्याच्या बोळ्यानं. सुरुवातीला लोक याला 'परक्यांची लापशी' म्हणून हसले. आज हस्तकलेच्या सरकारी शाळेत पहिल्या वर्षाला हीच बांधणी शिकवतात आणि देशातली पोरं ज्या वह्यांत गिरवतात, त्यांची शिवण मास्तरच्या पद्धतीची असते. हे त्या पोरांना माहीत नाही.

सातव्या खंडाच्या कण्यात माणसांची यादी होती. प्रत्येक ओळीत खरं नाव, कागदावरचं नाव, गाव, आणि मेल्यावर कोणाला कळवायचं ते.

संध्याकाळी लेक आईवडिलांकडे गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी पुस्तकं शिवायचा जुना लाकडी घोडा, त्यावर आता वाळत घातलेले टॉवेल. आई मटार सोलत होती.

"बाबा, आपल्या मुलखातून आलेल्यांच्या मंडळाची वही तुम्ही जाळली होती ना?"

 उत्तर आईनं दिलं.

"ह्यांनी? अगं, ह्यांनी कधी वाणसामानाच्या पुड्याचा कागदसुद्धा जाळला नाही. सगळ्या मंडळानं हातापाया पडून सांगितलं, झडती येणार, वही जाळा. हे म्हणाले, जाळतो."

"कागद चांगला होता," मास्तर म्हणाला. "सरकारी काम हातात होतं, बेचाळीस खंड. वाटलं, सरकारच्याच कपाटात ठेवलं तर सरकार कशाला बघेल?"

"मग फाडून तरी टाकायची."

"नाव कापायला हात धजला नाही."

त्यानं ओळींच्या मधून कापलं होतं. एकही नाव तुटलेलं नव्हतं. बेचाळीस पट्ट्या, एकशे त्रेपन्न माणसं.

"आई कोणत्या खंडात आहे?"

"आठवत नाही गं. पस्तीस वर्षं झाली."

आई मटार सोलतच राहिली. ती मास्तरची दुसरी बायको. इकडे यायचा परवाना त्याचा आणि पहिलीचा निघाला, आणि निघायला दोन महिने असताना पहिली बायको तापानं गेली. तिची धाकटी बहीण तिच्या कागदांवर आली. तेव्हापासून कचेरीत, दवाखान्यात, लेकीच्या जन्मदाखल्यावर ती थोरल्या बहिणीच्याच नावानं आहे आणि कागदोपत्री चार वर्षांनी मोठी आहे.

"सवत मेली तरी नाव सोडत नाही म्हणतात," ती म्हणाली. "माझी तर सख्खी ताई. तिच्यामुळे म्हातारपणसुद्धा चार वर्षं आधी आलं."

कोणी हसलं नाही. गेल्या वर्षीच्या कायद्यानं दुसऱ्याच्या कागदांवर आलेल्यांचं नागरिकत्व काढून घेता येतं. किती वर्षं झाली, हे बघितलं जात नाही. मुलांचंही जातं.

नवव्या दिवशी पहिल्या पट्टीचं भाषांतर झालं. चौघांपैकी तिघं वारली होती. चौथा मास्तरच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचा न्हावी निघाला, चुलतभावाच्या कागदांवर आलेला. सकाळी दहाला मंत्रालयाची दोन माणसं आली. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. अर्धी दाढी राहिली होती, ती पुरी करायची परवानगी त्यानं मागितली आणि त्यांनी ती दिली. दुकान तेव्हापासून बंद आहे. तो शहराबाहेरच्या ठाण्यात आहे.

मंत्रालयानं हुकूम काढला: नुसते ओलीनं खराब झालेलेच नव्हेत, तर सर्वच्या सर्व बेचाळीस खंड उघडावेत. पट्टी साहेबांच्या समोर सोडवावी. सोडवायचं काम मात्र लेकीकडेच राहिलं.

"तुझ्यासारखा हात इथे दुसऱ्या कोणाचा नाही," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मजकूर आतल्या बाजूला असल्यानं पट्टी निघेपर्यंत काही कळत नाही. लेक ओला बोळा फिरवी, वीस मिनिटं थांबे, हाडाच्या पट्टीनं कडा उचली, कागद उलटा करी आणि आधी आईचं नाव शोधी. नसलं की श्वास सोडी आणि कागद साहेबांपुढे सरकवी.

चौथ्या रविवारी दुपारी ती जेवायला गेली. मास्तरची दाढी वाढली होती.

"दाढी करून या म्हटलं तर ऐकत नाहीत," आई म्हणाली.

"कोणाकडे करू?" मास्तर म्हणाला.

आईनं ताटं मांडली. "किती झाले गं खंड?"

"एकोणतीस."

"त्यात मी नाही."

"नाही."

"म्हणजे शंभर माणसं तरी झाली असतील. त्यांना लेकीबाळी नव्हत्या वाटतं?"

लेकीनं घास खाली ठेवला. "आई, एक जरी पट्टी खराब केली असती तरी मला काढून दुसऱ्याला बसवलं असतं. मग तुझी पट्टी त्याच्या हातात गेली असती."

"तुला नाही गं बोलत. ह्यांना बोलतेय. कागदाचा जीव जातो म्हणून जपला. माणसांचा गेला तर चालतो."

मास्तरनं ताट बाजूला सारलं. मग लेकीकडे न बघता म्हणाला, "पाणी गरम घे. आणि थांबू नकोस, लगेच ओढ. लगदा होतो."

चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांना त्यानं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं.

बुधवारी तिसावा खंड आला. लेकीनं किटलीतलं पाणी वाडग्यात ओतलं. वाडग्यातून वाफ येत होती. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ती वाफ पाहिली आणि चष्मा पुसायला काढला. पट्टी बोटाखाली पिठासारखी निघाली. गुरुवारी एकतिसाव्या खंडाचंही तसंच झालं.

साहेबांनी दोन्ही नोंदींवर एकच शेरा लिहिला: मजकूर नष्ट, खळ सदोष.

"मास्तरांनी जन्मात सदोष खळ केली नाही, हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सही कर."

तिनं सही केली.

त्या दोन पट्ट्यांवर सात-आठ नावं असावीत. त्यांत तिच्या आईचं होतं का, हे आता कळायला मार्ग नाही. लगदा साहेबांनी कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर तारीख टाकून कपाटात ठेवला. तसा नियम आहे.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मंत्रालयाचं पत्र आलं. एकोणतीस पट्ट्या सुरेख निघतात आणि लागोपाठ दोन बिघडतात, याचा खुलासा मागवला आहे. लेकीची बदली आवक-जावक टेबलावर झाली आहे. उरलेले अकरा खंड हस्तकलेच्या सरकारी शाळेतले शिक्षक उघडणार आहेत. ते सोमवारी सकाळी नऊला येतील. लागणाऱ्या सामानाची यादी त्यांनी आधीच पाठवली: कापसाचे बोळे, हाडाची पट्टी, एक वाडगं. पाणी थंड असावं, असं त्यांनी खाली वेगळं लिहिलं आहे.