मलकापूरचे गणपतराव

शांतव्वानं अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ट्रंक कॉल जोडून दिले. लाइन लागली का ते बघायला कान लावायचा, आणि भांडण रंगात आलेलं असलं तर तो काढायचाच नाही, ही तिची जुनी खोड. रिटायर झाल्यावर तिनं ती सगळी ऐकीव भांडणं नावं-गावं गाळून लिहून काढली. विहिणीला काय सुनवायचं, भाडेकरूला कुठं गाठायचं, नवरा गप्पच बसला तर काय करायचं, असे सतरा धडे. पुस्तकाचं नाव 'भांडा, पण नीट'. प्रकाशक मिळेना, म्हणून तिनं स्वतःच पाचशे प्रती छापून घेतल्या. दुकानदारांनी पाच-पाच ठेवून घेतल्या आणि त्यांच्यावर दुसऱ्यांची पुस्तकं रचली.

"आत्ती, आता दोन हजार सात साल हाय," सून सुष्मिता म्हणाली. "दुकानदाराच्या मागं काय लागताय? ऑर्कुटवर टाकू की."

शाहूपुरीतल्या एका सायबर कॅफेत सुष्मितानं सासूचं खातं उघडून दिलं. मराठी पुस्तकवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथं शांतव्वानं एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं: पुस्तक चांगलं आहे, पत्ता कळवा, व्ही.पी.नं पाठवते, पैसे पोस्टमनला द्या. तीन आठवड्यांत एकच उत्तर आलं. 'छान.' तेही सुष्मिताच्या मावसभावाचं.

शांतव्वा पडद्याकडं बघत राहिली. "सुष्मी, 'चांगलं हाय' म्हटल्यावर कोण थांबतंय का? भांडण लागलं की सायकलवरचा माणूससुदिक उतरतोय. दुसरं खातं उघड."

"कुणाच्या नावानं?"

"गणपतराव. गाव मलकापूर. फोटो म्हशीचा लाव."

त्याच दुपारी गणपतरावांनी लिहिलं, "पुस्तक वाचलं. पाचवा धडा पार बुळबुळीत. बाईला भांडणातलं काय कळतंय?"

शेजारच्या कॉम्प्युटरवरनं शांतव्वानं उत्तर दिलं, "पावणं, पाचवा धडा कळायला आधी चौथा पचावा लागतो. तुमचं पोट बिघडल्यालं दिसतंय."

आठ दिवसांत दोनशे उत्तरं झाली. पुण्याच्या बायका शांतव्वाच्या बाजूनं, दुबईचे इंजिनिअर गणपतरावांच्या. सांगलीच्या एका वकिलानं दोघांनाही नोटिशीची धमकी दिली. पण निवाडा करायचा तर पाचवा धडा वाचायला पाहिजे, म्हणून जो तो पुस्तक मागवायला लागला. सुष्मिता स्कूटरवरनं पार्सलं पोस्टात नेऊन नेऊन दमली.

मग ग्रुपमधल्या कुणीतरी टूम काढली. येत्या रविवारी सकाळी, शाहूपुरीतल्या एका हॉटेलच्या माडीवर, दोघांना समोरासमोर बसवायचं.

"आता गणपतराव कुठनं आणायचं?" सुष्मिता रडकुंडीला आली.

"ताप आलाय म्हणून सांगू."

रविवारी माडीवर चाळीस-पन्नास माणसं जमली. शांतव्वानं उभं राहून तोंड पाडलं. "मंडळी, गणपतरावांस्नी ताप आलाय. बिचारं येऊ शकत न्हाईत."

"कुणाला ताप आलाय?" जिन्यातनं आवाज आला. पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस वर आला, खुर्ची ओढून मधोमध बसला. "मी गणपतराव. मलकापूरहून आलोय. बोला बाई, काय बोलताय?"

त्याला खोटा म्हणावं तर स्वतःचंच बिंग फुटतंय! लोक टाळ्या वाजवायला लागले. मग शांतव्वानं पदर खोचला. तासभर असं जुंपलं की वेटर ऑर्डर घ्यायचं विसरले. तो माणूस कमी नव्हता. तिनं एक सुनावलं की तो दोन सुनवायचा. शांतव्वाला आयुष्यात इतकी मजा कधीच आली नव्हती. आणलेल्या सगळ्या प्रती तिथंच खपल्या.

पांगापांग झाल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं. "कोण तुमी?"

"कृष्णात. यष्टीत कंडक्टर होतो, मलकापूर लाइनीला. आता हितंच राजारामपुरीत असतोय."

"आनि तुमाला कसं कळलं, की गणपतराव..."

"दोघंबी 'भांडण' लिवताना शेवटी तीन-तीन 'एन' टाकताय. तवाच वळकलं." तो मिशीत हसला. मग म्हणाला, "बायकू वारल्यापास्नं मोठ्यानं बोलायला कोण न्हाय बगा घरात. म्हटलं, जावं."

शांतव्वानं त्याला वर नेऊन चहा पाजला.

पण मनाला लागून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन तिनं खरं काय ते लिहून टाकलं: गणपतराव असा माणूसच नाही, तो मीच, मला माफ करा.

कुणीच ऐकेना. "बाई, काल हरलात म्हणून आज माणूसच गायब करता?" पुण्याच्या बायकांनीसुद्धा साथ सोडली. "आम्ही त्यांना डोळ्यांनी बघितलंय," वकिलानं लिहिलं.

शांतव्वा भडकली. उत्तर टाइप करणार, तोच खाली एक नवं खातं उगवलं. फोटोत पांढऱ्या मिशा.

"मी न्हाय म्हंजे? मग काल बाईंनी चहा कुणाला पाजला?"

त्या संध्याकाळी छापखान्यात दुसऱ्या आवृत्तीची ऑर्डर गेली.